मीरकॅट बघायचेत? मग आधी सूर्याचं टाइमटेबल बघा (दक्षिण आफ्रिकेतल्या क्लाइन कारूमधल्या फार्मस्टेचं प्लॅनिंग)

मीरकॅट (आफ्रिकेतला एक छोटा जंगली प्राणी) सूर्याआधी उठत नाहीत. ढग असले तर उशिरा उठतात, पाऊस असला तर कधीकधी बिळातून बाहेरच येत नाहीत, आणि तुम्ही किती लांबून आलाय याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही. हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी समुद्राकाठच्या एका गावात मस्त रूम घेतली, मीरकॅटसाठी बरोब्बर एक सकाळ ठेवली, काळोखात घाट चढायला लागलो तर घाटात धुकं, पोचलो तर आभाळ भरलेलं, आणि पुढचे दोन तास खुर्चीत बसून जमिनीतल्या एका भोकाकडे बघत होतो. भोक छान होतं. दुसऱ्या वेळी शहाणा झालो, फार्मवर राहिलो, तीन रात्री ठेवल्या, आणि त्या अनुभवावरून हे लिहितोय.

जागा आधी नक्की करू. जंगली मीरकॅट फक्त आफ्रिकेच्या दक्षिण भागात सापडतात, म्हणजे दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, नामिबिया आणि अंगोलाचा थोडा कोपरा. मांजराशी यांचा काही संबंध नाही, हे मुंगसाचे भाऊबंद, वजन किलोच्या आत, उभे राहिले तर साधारण फूटभर. आफ्रिकान्समध्ये यांना स्टोकस्टर्टकी पण म्हणतात, म्हणजे काठीसारखी शेपटीवाला, आणि उभं राहताना ती शेपटी खरंच मागे टेकूसारखी लावतात. फार्मस्टे करून, स्वतः गाडी चालवून, खिशाला झेपेल असं बघायचं असेल तर माझ्या मते सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे वेस्टर्न केपमधलं औट्सहोर्न आणि त्याच्या आजूबाजूची शेतं. हा भाग क्लाइन कारू, म्हणजे छोटा कारू, उत्तरेला स्वार्टबर्गचे डोंगर आणि दक्षिणेला औटेनिक्वाचे, मध्ये कोरडं खोरं. शहामृगांच्या शेतीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे, पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बायकांच्या हॅटवर शहामृगाची पिसं लावायची फॅशन होती तेव्हा इथले शेतकरी इतके श्रीमंत झाले की त्यांनी महालासारखी घरं बांधली, ती अजून उभी आहेत.

दुसरे ऑप्शन पण आहेत, पटकन सांगतो. कालाहारीत व्हॅन झील्सरसजवळ १९९३ पासून मीरकॅटवर संशोधन चालू आहे, आपल्याला मीरकॅटबद्दल जे माहितीय त्यातलं बरंचसं तिथूनच आलंय, पण ते फार लांब. त्स्वालू हे खासगी रिझर्व्ह सुंदर पण किंमत बघून परत यायचं. बोत्सवानात मकगाडिकगाडीच्या मिठाच्या मैदानांकडे मीरकॅट माणसांना इतके सरावलेत की उंच टेहळणीची जागा म्हणून सरळ माणसाच्या डोक्यावर चढून बसतात, फोटो भारी येतात, बजेट मात्र वेगळं लागतं. खगालागाडी पार्कमध्ये स्वतःच्या गाडीतून फिरताना दिसतात पण नशिबाचा खेळ. एक मात्र टाळाच, पिंजऱ्यातला मीरकॅट मांडीवर देऊन सेल्फी काढून देणाऱ्या जागा. तो जंगली मीरकॅट नाही, आणि मीरकॅटला रेबीज होऊ शकतो हे तिथे कुणी सांगत नाही.

आता सीझन. उन्हाळा म्हणजे तिकडचा, डिसेंबर-जानेवारी, तेव्हा सूर्य सव्वापाच-साडेपाचलाच उगवतो, म्हणजे तुम्हाला चारच्या आधी उठायचं, आणि एवढं करून मीरकॅट थोडंसं ऊन खाऊन पटकन चरायला निघून जातात कारण गारठा नसतोच. त्यात डिसेंबरच्या मध्यापासून तिथल्या शाळांना सुट्टी, फार्म फुल, दर वर. जून-जुलैत उलटं, सूर्य साडेसातच्या पुढे, रात्री गारठा कधीकधी शून्याच्या जवळ, आणि मीरकॅट बिळाच्या तोंडाशी बराच वेळ पोट शेकत उभे. ज्याला फोटो काढायचेत आणि ज्याला झोप प्रिय आहे अशा दोघांसाठी थंडीच बरी. पिल्लं बघायची असतील तर गरम महिन्यांत चान्स जास्त. मला विचाराल तर एप्रिल-मे नाहीतर ऑगस्ट-सप्टेंबर, ना फार लवकर उठायचं ना गर्दी.

रात्री किती? कमीत कमी दोन, शक्य असेल तर तीन. हिशोब सोपा आहे, दोन रात्रींत दोन सकाळी मिळतात, पहिली मीरकॅटसाठी बुक करायची आणि दुसरी मोकळी ठेवायची, ढग आले तर वापरायची. पहिल्याच दिवशी काम झालं तर दुसऱ्या दिवशी लोळा, लोळायला फार्मसारखं ठिकाण नाही. अजून एक गोष्ट जी मला उशिरा सुचली, भारतातून जाणाऱ्यांनी मीरकॅट ट्रिपच्या सुरुवातीलाच ठेवावेत. आपण दक्षिण आफ्रिकेपेक्षा साडेतीन तास पुढे. तिथले पावणेपाच म्हणजे आपल्या शरीराचे सव्वाआठ, पहिले दोन-तीन दिवस आपोआप जाग येते, अलार्मची पण गरज नाही. शेवटी ठेवलं तर तोपर्यंत शरीर तिकडच्या वेळेला रुळतं आणि मग उठवत नाही.

मीरकॅटची सकाळ बहुतेक वेळा फार्मपासून वेगळी बुक करावी लागते, गाईड घेऊन जातो. काही फार्मवाले जोडून देतात. आधी मीरकॅटची तारीख मिळवा आणि मग तिच्याभोवती राहायचं बघा, बहुतेक लोक उलटं करतात आणि अडकतात. गाईडला दोन-तीन गोष्टी मेलवर सरळ विचारा. हवा खराब असली तर दुसऱ्या दिवशी नेता की पैसे परत, मुलांसाठी वयाची अट आहे का (असते बऱ्याच ठिकाणी, लहान पोरांना तासभर गप्प बसवणं अवघड म्हणून), आणि भेटायची जागा कधी कळवणार. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण मीरकॅटच्या टोळीकडे एका इलाख्यात बरीच बिळं असतात आणि काही दिवसांनी टोळी बीळ बदलते. गाईड लोक संध्याकाळी टोळी कुठल्या बिळात झोपायला गेली ते बघून ठेवतात, तेव्हा कुठे सकाळचं गणित बसतं. त्यामुळे शेवटच्या क्षणी मेसेज आला तर चिडू नका, पण फार्मवर वायफाय किंवा मोबाइलला रेंज आहे ना ते आधी विचारून घ्या. डोंगरामागे रेंज गायब होते.

फार्म निवडताना फोटोतला स्विमिंग पूल बघू नका, नकाशा बघा. भेटायच्या जागेपासून वीस-पंचवीस मिनिटांच्या आत असलेलं फार्म हवं, आणि त्यातला कच्चा रस्ता किती ते विचारा, कारण खडीच्या रस्त्यावर काळोखात वीस किलोमीटर म्हणजे भरपूर झाले. शेताचं गेट रात्री कुलूपबंद असेल तर किल्ली किंवा कोड आदल्या रात्रीच मागून घ्या. मी एका पहाटे गेटपाशी दहा मिनिटं हॉर्न न वाजवता नुसता उभा होतो, मालकांना उठवायला लाज वाटत होती आणि मीरकॅट चुकायची भीती पण, शेवटी त्यांचं कुत्रंच भुंकलं आणि काम झालं. गेटचा अजून एक नियम, जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद करून पुढे जायचं, उघडं होतं तर उघडंच, कारण मेंढ्या किंवा शहामृग कुठल्या कुरणात ठेवायचे ते त्या गेटवर ठरतं.

नाश्ता असलेला स्टे घेतला तर सकाळी आम्ही उशिरा येऊ हे सांगा, नाहीतर सेल्फ केटरिंग घ्या, म्हणजे किचनवालं घर. शाकाहारी असाल तर सेल्फ केटरिंगच घ्या. फार्मवरची माणसं अगदी प्रेमळ असतात, वयाने मोठ्या पुरुषाला ओम आणि बाईला तानी म्हणायची पद्धत, म्हणजे आपले काका-मावशीच, पण जेवण म्हणजे ब्राय, निखाऱ्यावर मांस, आणि तुम्ही मांस खात नाही म्हटल्यावर चिकन आणून ठेवणारी प्रेमळ माणसं जगात सगळीकडे आहेत. आधी कळवलंत तर रोस्टरकुक नावाची निखाऱ्यावर भाजलेली पावासारखी भाकरी, बटाटे, भोपळा असं छान मिळतं. तांदूळ, डाळ, अंडी, भाज्या औट्सहोर्नच्या सुपरमार्केटमध्ये घेऊन जा, फार्मजवळ दुकान नसतं. रस्त्यात पाडस्टाल म्हणून फार्मचं सामान विकणारी छोटी दुकानं लागतात, तिथे रस्क घ्या. आपल्या टोस्टसारखा पण जाड आणि कडक, कॉफीत बुडवल्याशिवाय खायच्या भानगडीत पडू नका.

पोचायचं कसं. जवळचा विमानतळ जॉर्ज, तिथे जोहान्सबर्ग आणि केप टाऊनहून फ्लाइट असतात, आणि तिथून औटेनिक्वा पास म्हणजे घाट ओलांडून औट्सहोर्न साधारण ६० किलोमीटर, तासाभराचं काम. केप टाऊनहून गाडीने आलात तर आर ६२ रस्ता घ्या, बॅरीडेल, लेडीस्मिथ, कॅलिट्झडॉर्प असं करत, ४०० किलोमीटरच्या वर होतं, थांबत थांबत पूर्ण दिवस धरा. गाडी डावीकडूनच चालवतात त्यामुळे आपल्याला त्रास नाही. भारतीय लायसन्स इंग्रजीत, फोटो-सहीवालं असेल तर चालतं, तरी इंटरनॅशनल परमिट जवळ ठेवा, भाड्याने गाडी देणारे मागू शकतात. त्यांच्या करारात टायर, काच आणि खडीच्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, बारीक अक्षरात असतं आणि नेमकं तेच लागतं. पेट्रोल पंपावर माणूस भरून देतो, काच पुसतो, त्याला पाच-दहा रँड द्यायची पद्धत. व्हिसा आधीच काढावा लागतो, आणि अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाताना तिथला मुक्काम बारा तासांपेक्षा जास्त असेल तर यलो फीव्हरची लस घेतल्याचं कार्ड मागतात. वेस्टर्न केपमध्ये मलेरिया नाही, ती चिंता सोडा.

फार्मवर अंधार पडायच्या आत पोचा. हे आग्रहाने सांगतोय. रात्री रस्त्यावर कुडू येतात, कुडू म्हणजे घोड्याएवढं हरीण, गाडीच्या उजेडात उडी मारतं आणि मग गाडी पण राहत नाही. उजेड असतानाच एकदा भेटायच्या जागेपर्यंत गाडी नेऊन या, वळण कुठे, खड्डा कुठे ते बघून ठेवा, सकाळी डोकं चालत नसतं. मग वेळ उलट मोजायची. समजा सप्टेंबरअखेर, सूर्योदय सव्वासहाच्या आसपास, गाईड अर्धा तास आधी बोलावतो म्हणजे पावणेसहा, वीस मिनिटं रस्ता आणि दहा मिनिटं गेट-बिट धरून सव्वापाचला निघायचं, म्हणजे पावणेपाचला उठायचं. कपडे, कॅमेरा, पाणी, सगळं रात्रीच दाराशी. चार्जिंग पण रात्रीच, आणि इथे एक गंमत, तिथला जुना प्लग म्हणजे आपला गीझरचा मोठा तीन गोल पिनांचा प्लगच, बारीक पिनवाला घुसत नाही. घरून एक मोठ्या पिनचा कन्व्हर्टर घेऊन गेलात तर वाचाल. लोडशेडिंग हा शब्द त्यांच्याकडेही तोच आहे, आताशा कमी झालंय पण पॉवर बँक भरून ठेवा.

कपड्यांचं म्हणाल तर कांद्यासारखे पापुद्रे. पहाटे थर्मल, स्वेटर, जॅकेट, कानटोपी, हातमोजे, दहा वाजता टीशर्ट. रंग मातकट. बूट बंद, कारण कारूत जमिनीवर डुबेलकी नावाचे काटे असतात, बघितल्यावर मला हसू आलं, आपले सराटेच ते, शेतात अनवाणी फिरलेल्या कुणालाही लगेच ओळखू येतील. बूट रात्री बाहेर स्टुपवर, म्हणजे व्हरांड्यात, ठेवले असतील तर सकाळी झटकून घाला, विंचू असतात. पफ ॲडर पण असतो, आपल्या घोणसच्या खानदानातला, वाटेतून हलत नाही त्यामुळे टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. गाईड बिळापासून थोड्या अंतरावर खुर्च्या मांडतो, बऱ्याचदा ब्लँकेट आणि कॉफी देतो, आणि बसवताना तुम्हाला पूर्वेच्या बाजूला बसवतो. त्यामागे कारण आहे, मीरकॅट सूर्याकडे तोंड करून उभे राहतात, त्यामुळे सूर्य तुमच्या पाठीशी असला की त्यांचे चेहरे उजेडात दिसतात. पण तुमची लांब सावली बिळावर पडता कामा नये, त्यांच्या उन्हात आलात की ते नाराज, म्हणून जिथे बसवलंय तिथून खुर्ची सरकवू नका, उठू नका, बोलायचं तर हळू आवाजात.

मग वाट बघायची. सूर्य डोंगरावर आला तरी लगेच काही नाही, ऊन बिळाच्या तोंडावर पडायला हवं. आणि मग एक डोकं. फक्त डोकं, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, रात्रभर जागल्यासारखं, ती वर्तुळं खरं म्हणजे उन्हाची तिरीप कमी करायला असतात. ते डोकं चारी बाजूला बघतं, आत जातं, परत येतं. मग अख्खं शरीर बाहेर, दोन पायांवर उभं, पोट सूर्याकडे. पोटावर केस विरळ आणि कातडी काळपट, त्यामुळे ऊन पटकन शोषलं जातं. मग दुसरा, तिसरा, एकमेकांना चिकटून रांगेत, अगदी थंडीत चहाच्या टपरीसमोर उभी असतात तशी माणसं. एखादा ऊन खाता खाता डुलकी काढतो, तोल जातो, दचकून सरळ होतो. हे बघताना हसू आवरा, मला आवरलं नव्हतं आणि सगळे एकदम माझ्याकडे वळले होते.

अंग गरम झालं की कामाला लागतात. बिळातली माती उपसणं, एकमेकांच्या अंगातल्या पिसवा काढणं, आणि मग चरायला. एकजण उंचवट्यावर नाहीतर झुडपावर चढून पहारा देतो, हळू आवाजात सारखी कुईकुई करत असतो, म्हणजे मी आहे, खा निवांत. गरुड दिसला तर इशारा वेगळा, जमिनीवरून कोल्हा किंवा साप आला तर वेगळा, आणि त्यात घाई किती आहे ते पण आवाजातून कळतं. पिल्लांना विंचू खायला शिकवतात ते दिसलं तर पैसे वसूल, आधी मेलेला विंचू देतात, मग नांगी तोडलेला जिवंत, आणि पिल्लू तयार झालं की अख्खा. कालाहारीत तर ड्रोंगो म्हणजे आपल्या कोतवालाचा नातेवाईक मीरकॅटचा धोक्याचा आवाज काढून त्यांना बिळात पळवतो आणि टाकलेला किडा उचलून नेतो, कोतवाल नाव ठेवणाऱ्यांनी चोराला ठेवलंय असं वाटतं.

कॅमेऱ्याला ३०० एमएमपर्यंतची झूम लेन्स पुरते, नुसत्या मोबाइलवर ठिपके येतील, त्यापेक्षा ८ बाय ४२ ची दुर्बीण न्या आणि बघा. फ्लॅश बंद, शटरचा आवाज बंद. ड्रोन घरीच ठेवा. आकाशात काहीतरी घोंगावतंय म्हणजे त्यांच्यासाठी गरुडच, सगळी टोळी सेकंदात बिळात आणि तुमची, माझी, सगळ्यांची सकाळ संपली. खाऊ टाकायचा नाही, हात लावायचा नाही, जवळ आले तर येऊ द्यायचं, आपण जायचं नाही.

निघताना गाईडला टीप रोख द्या, रँड आदल्या दिवशी गावातल्या एटीएममधून काढून ठेवा.

नऊ-दहापर्यंत तुम्ही मोकळे. फार्मवर नाश्ता, झोप, आणि दुपारी कँगो केव्हज, चुनखडीच्या गुहा, गावापासून अर्ध्या तासावर. त्यातली ॲडव्हेंचर टूर पोट सुटलेल्यांनी घेऊ नये, खरंच अडकतात माणसं. तिसरा दिवस असेल आणि हवा कोरडी असेल तर स्वार्टबर्ग पास करा, १८८८ मध्ये खुला झालेला कच्चा घाट, थॉमस बेनने बांधलेला, दगडाच्या नुसत्या रचलेल्या भिंती अजून रस्ता धरून आहेत, पलीकडे प्रिन्स अल्बर्ट गाव. पाऊस झाला असेल तर फार्मच्या ओमला विचारूनच जा. आणि रात्री झोपायच्या आधी एकदा स्टुपवरचा दिवा बंद करून आभाळाकडे बघा. आकाशगंगा तर दिसेलच, पण तारे स्वच्छ दिसत असतील तर उद्या ढग नाहीत असा माझा साधा अंदाज, तेव्हा अलार्म लावून टाका.